कुंभकोणच्या हत्तिणीने आमचा भोंगा मोडला त्याची हकीकत

हेडमास्तर म्हणाले, "तात्या, कुंभकोणास गेलेल्यांपैकी कोणीतरी शाळेच्या वार्षिक अंकात लिहायला पाहिजे." बँडच्या घोरपडे मास्तरांनी तीन पानं लिहून दिली होती. त्यात गाड्यांच्या वेळा होत्या आणि हत्तीण नव्हती. म्हणून मी लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलो, पुढे बापाने हातोडी हातात दिली. चुका असतील त्या मास्तरांनी काढाव्यात. हत्तीण मात्र काढू नये.

मी कराडचा तांबट. हायस्कुलाचा बँड निघाला तेव्हापासून त्याच्या वाद्यांची डागडुजी माझ्याकडे आहे. आमच्या कामात सांधा जोडायचे डाग दोन प्रकारचे. कच्चा डाग कथलाचा, तो शेगडीवर एकट्याने होतो. पक्का डाग पितळेचा. त्याला भट्टी लागते आणि भट्टीला भाता ओढणारं माणूस लागतं. वारा कमी पडला तर डाग वितळत नाही. जरा जास्त झाला तर डागाबरोबर भांडंही वितळतं. माझा भाता चाळीस वर्षं माझी बायको पार्वती ओढत होती. तिला जाऊन सव्वा वर्ष झालं. त्यानंतर मी एकदा भट्टी पेटवली, तेव्हा एका गिऱ्हाइकाची घागर जाळली. त्या दिवशी भट्टी विझवली ती विझवलीच. कल्हई करायचो, कच्चा डाग लावायचो, पक्क्याला नाही म्हणायचो. गावाला हे ठाऊक आहे. अंक बाहेरगावी जातो, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता निमंत्रण कसं आलं ते. गेल्या सव्वीस जानेवारीला कृष्णेच्या घाटाकडून बँड येत होता. कडेला एक परका गृहस्थ उभा. पायघोळ धोतर, कपाळाला गंध, काखेत छत्री. बँड थांबल्यावर तो डोळे पुसत मास्तरांजवळ आला आणि म्हणाला, "आम्ही कुंभकोणाहून आलों. आमचे वडील, त्यांचे वडील, सर्व तेथेंच जाले. मूळ गाव कराडप्रांतीं कोठे तरी आहे म्हणतात. तें शोधावयास आलों."

पोरं हसायला लागली. बोलणं पोथीतलं आणि हेल मद्रासी. त्यांचं नाव सेतुमाधवराव, कुंभकोणात कापडाचा व्यापार. शिवाजी महाराजांच्या घराण्यातले लोक तंजावरला राज्य करायला गेले, त्यांच्या मागोमाग यांचे पूर्वज गेले आणि तिकडेच राहिले. चार दिवस हिंडून सेतुमाधवरावांना गाव सापडलं नाही. बँड तेवढा सापडला. जाताना म्हणाले, "तेथे आमच्या विठ्ठलाचा उत्सव असतो. पालखी निघते. तुम्ही वाजवावयास यावें. लोक आम्हांस मराठे म्हणतात, परंतु आमच्या गावचें म्हणून दाखवावयास आम्हांपाशी कांहीं नाहीं."

अशा बोलण्याला नाही कोण म्हणणार? बँड निघाला. वाजवणारे वीस, आणि पाठीमागून चालणारे आम्ही बारा. आमच्या बँडला पाठीमागून चालणारे पहिल्यापासून आहेत. कोणी पाण्याची कळशी घेतं, कोणी पोरांच्या टोप्या सांभाळतं, कोणी नुसतंच "व्वा रे पठ्ठ्या" ओरडतं. ही पद्धत पार्वतीने पाडली. तालीम सुरू झाली की ती भाता सोडून, काजळी लागलेले हात पदराला पुसत रस्त्यावर पळायची. मी मागून ओरडायचो, भट्टी विझली ना बाई! ती ऐकायची नाही.

मी जाणार नव्हतो. पण गंगूबाई किराणावाली दारात येऊन बसली. तिचा दिनकर बँडात भोंगा वाजवतो. भोंग्याचं पुस्तकातलं नाव वेगळं आहे, मास्तरांना येतं. आम्ही भोंगाच म्हणतो. सगळ्यात मोठं वाद्य, आणि दिनकर सगळ्यात किडकिडीत.

"वैनी असत्या तर बँडच्या आधी टेसनावर जाऊन बसल्या असत्या," ती म्हणाली. "तुमी काय जलमभर राखंत तोंड घालून बसणार हाय का? वाद्यं बिघडली तर कुणाला हुडकायचं त्या मुलखात?"

मी म्हणालो, "कच्च्या डागाचं सामान घेऊन येतो. पक्कं काम निघालं तर मला सांगायचं नाही."

"कोण सांगतंय!" गंगूबाई म्हणाली आणि उठली.

गाडीत

गाड्या कुठे कुठे बदलल्या ते मास्तरांच्या तीन पानांत आहे. मी फक्त गुळाचं सांगतो.

गंगूबाईला कोणीतरी सांगितलं होतं की दक्षिणेत गूळ काळा आणि खारट. तिने पाच शेर चांगला पिवळाधमक गूळ फोडून फडक्यात बांधला. सामान आधीच छपराला लागलेलं. भोंग्याला पेटी नाही, तो वाकळेत गुंडाळून न्यायचा. गंगूबाईने बघितलं की वाकळेत एवढी थोरली पितळेची परात रिकामीच चालली आहे. तिने गुळाचं गाठोडं भोंग्याच्या तोंडात दाबून बसवलं, वरून वाकळ आवळली आणि कोणालाही सांगितलं नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे पुढे कोडं नको.

बंगळूर सोडल्यावर उकाडा असा की डब्याचे गज हाताला चटका देत होते. गूळ वितळला आणि वाट दिसेल तिकडे गेला.

कुंभकोण, पहिला दिवस

स्टेशनावर सेतुमाधवराव हार घेऊन उभे. त्यांच्याबरोबर त्यांच्या उत्सवाचे वाजंत्री. त्यांची सनई आपल्या सनईच्या तिप्पट लांब, तिला नागस्वरम म्हणतात. बरोबर तविल नावाचा ढोल, एका बाजूला काठी आणि दुसऱ्या बाजूला बोटांना टोपणं घालून वाजवतात. त्यांनी फलाटावर सुरुवात केली आणि इंजिनाची शिट्टी ऐकू येईना. आमच्या पोरांची तोंडं उतरली. मास्तर माझ्या कानाशी येऊन ओरडले, "तात्या, यांच्यापुढे आपला बँड म्हणजे डास! एक भोंगा तेवढा यांच्या बरोबरीने ऐकू जाईल."

हे वाक्य लक्षात ठेवावं लागलं.

घरी गेल्यावर आधी कॉफी. तिकडे चहा कोणी विचारत नाही. पितळेचा पेला, तो पितळेच्या खोलगट वाटीत ठेवलेला. मी कॉफी प्यायच्या आधी पेला उचलून बुडाची शिवण बघितली. काम चांगलं होतं. पण पेल्यात कॉफी आहे हे विसरलो. ती सेतुमाधवरावांच्या हिशेबनीसाच्या मांडीवर गेली. बिचारा हसला. दुसरा पेला आला तो ओठाला न लावता वरून तोंडात सोडायचा. ती कॉफी माझ्या सदऱ्यावर गेली. तिसरी पोटात गेली आणि मग कळलं की हे लोक चहाला का विचारत नाहीत.

जेवायला केळीची पानं. भात, त्यावर सांबार. मग भात, त्यावर पाण्यासारखं तिखट सार. मग भात, त्यावर ताक. पातळ पदार्थ पानावरून पळत सुटतात आणि हे लोक हाताने असा बांध घालतात की थेंब सांडत नाही. आमच्याकडच्या पंक्तीत बारा ठिकाणी बांध फुटला. वाढणारा भात टाकतच होता. मी हात आडवा केला, त्याने हातावर टाकला. तेव्हा सेतुमाधवराव म्हणाले, "पोदुम म्हणा. म्हणजे पुरे." आमची सगळी पंगत एका सुरात "पोदुम!" ओरडली. वाढणाऱ्याच्या हातून ओगराळं पडलं.

पोरांना सेतुमाधवरावांचं बोलणं ऐकायचा नादच लागला. "बैसा," "काय जालें," असं ते म्हणाले की पोरं तोंड दाबायची. शेवटी त्यांनी विचारलं, "हसतां काय?"

मी स्पष्टच सांगितलं, "तुमची मराठी तीनशे वर्षांपूर्वीची आहे."

"असेल," ते म्हणाले. "आम्ही नेली तशी ठेवली. तुम्हांपाशी ठेवली होती ती तुम्ही वापरून झिजविली."

मला माणूस आवडला.

दुसरा दिवस

सकाळी अंगणात तालीम. दिनकरने भोंगा तोंडाला लावला, गाल फुगवले, डोळे बाहेर आले. आवाज नाही. पुन्हा फुंकला. आतून काहीतरी गुळगुळलं. तेवढ्यात मास्तरांचं लक्ष जमिनीकडे गेलं. ओट्यापासून दिनकरच्या पायापर्यंत, पायावरून भोंग्यापर्यंत मुंग्यांची काळी दोरी लागली होती.

"ह्यात काय आहे?" मास्तर ओरडले.

गंगूबाई खांबामागे गेली.

"गंगूबाई!"

"गूळ हाय," खांबामागून आवाज आला. "पर चांगला हाय."

अर्धा तास आम्ही भोंग्यातून गूळ काढत होतो. गाठोडं ओढून काढलं, गरम पाण्याचे हंडे ओतले. नळीतून तपकिरी पाणी यायचं, ते पोरं ओंजळीने प्यायला लागली. शेवटी आवाज आला, पण आतल्या वळणात कुठेतरी गूळ राहिलाच होता. भोंग्याला मिठाईच्या दुकानासारखा वास येत होता.

मग पालखीचा रस्ता बघायला सगळे वाद्यांसकट निघालो. रस्त्यात मोठं देऊळ. गोपुर बघताना माझी टोपी मागे पडली एवढं उंच. दारात देवळाची हत्तीण उभी. कपाळावर रंगीत रेघा, पायात साखळी आणि साखळीला घुंगरू. माणसं पुढे जाऊन डोकं वाकवतात, ती सोंड डोक्यावर ठेवते, झाला आशीर्वाद. आमची पोरं रांगेत उभी राहिली.

दिनकरची पाळी आली. त्याने डोकं वाकवलं. हत्तिणीने सोंड उचलली, मध्येच थांबली, वास घेतला, आणि आशीर्वाद द्यायचं सोडून सोंड सरळ भोंग्याच्या तोंडात घातली.

दिनकरने भोंगा सोडला नाही. हे त्याचं मी कौतुक म्हणून लिहितो. हत्तीण आत सोंड घालून गूळ शोधतेय, हा दुसऱ्या टोकाला लोंबकळतोय. माहूत तमिळमध्ये ओरडतोय, गंगूबाई कराडीत ओरडतेय, "सोड गं, सोड! माजं लेकरू हाय ते!" मास्तरांना काही सुचेना, त्यांनी शिट्टी फुंकली. बाकीची एकोणीस पोरं सवयीने सावधान उभी राहिली. आणि मग करकर असा आवाज झाला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन, पत्रा फाटल्याचा. भोंग्याचं तोंड गळ्यापासून निघालं. दिनकर नळ्यांसकट पाठीवर पडला आणि हत्तीण ते पितळेचं तोंड सोंडेच्या टोकावर टोपीसारखं घालून डोलायला लागली.

मी हसलो. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. हसता हसता डावीकडे वळलो आणि म्हणालो, "बघ, बघ!" डावीकडे एक नारळवाला उभा होता. पार्वती माझ्या डावीकडे चालायची.

नारळवाल्याने मान डोलावली. तोही हसत होता. चांगला माणूस.

माहुताने तोंड परत मिळवून दिलं. मी ते हातात घेतलं आणि हसणं संपलं. गळ्याशी दोन्ही बाजूंनी पत्रा फाटला होता, चार चार बोटं. एवढं जड तोंड चालताना हलणार, फुंकताना थरथरणार. कथलाचा डाग तासभर टिकला नसता. हे पक्कं काम होतं, आणि पालखी दुसऱ्या दिवशी दुपारी चारला निघायची होती.

कोणी मला काही म्हणालं नाही. गंगूबाईसुद्धा नाही. हेच फार वाईट. सेतुमाधवराव म्हणाले, "नसूं द्या. भोंग्याविना वाजवा." पण त्यांचा चेहरा दिसत होता. गावभर सांगून ठेवलं होतं त्यांनी, आमच्या मुलखाचा बँड येतो म्हणून.

तिसरा दिवस

सेतुमाधवराव मला भांडी करणाऱ्यांच्या गल्लीत घेऊन गेले. गल्ली यायच्या आधी ठोके ऐकू आले. दहा-वीस हातोड्या, प्रत्येक आपल्या चालीत. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आणि मी ते कोणाला दाखवलं नाही.

स्वामिनाथ आसारी म्हणून माझ्याच वयाचा कारागीर. तिकडे धातूचं काम करणाऱ्यांना आसारी म्हणतात. उजवा खांदा माझ्यासारखाच उतरलेला, अंगठ्याला तसाच घट्टा. आम्ही आधी एकमेकांचे हात बघितले, मग तोंडं. मी मनात म्हटलं, हा लावील डाग आणि माझी सुटका होईल.

त्याने भोंगा मांडीवर घेतला. नळ्यांवर नख फिरवत गेला. एका जुन्या शिवणीवर नख थांबलं, पुन्हा मागे नेलं, पुन्हा पुढे. मग त्याने काहीतरी विचारलं.

सेतुमाधवराव म्हणाले, "हा डाग कोणी लाविला, विचारतो."

"मी. तीन वर्षं झाली."

आसारीने भोंगा उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि हात जोडले. सेतुमाधवरावांनी सांगितलं, "म्हणतो, असा डाग लावणारा समोर बैसला असतां दुसऱ्याच्या कामास मी हात लावणार नाहीं. ती आमची रीत नव्हे. भट्टी तुमची, हत्यारें तुमचीं."

रीत आमच्याकडेही हीच आहे. मीही हेच म्हणालो असतो. म्हणून भोंगा मांडीवर ठेवून घेतला. तो तीन वर्षांपूर्वीचा डाग लावताना भात्यावर कोण होतं ते मी त्याला सांगितलं नाही.

आधी पातळ पत्र्याच्या तुकड्यावर करून बघू म्हटलं. भाता ओढायला मास्तर पुढे झाले. त्यांनी दोरी धरली आणि "एक दोन, एक दोन" करत कवायतीच्या तालात ओढायला लागले. भट्टीलाही वाटलं असेल की आपण सव्वीस जानेवारीला निघालो आहोत. तुकडा जळाला. मग गंगूबाई बसली. तिला अपराध भरून काढायचा होता, तिने सगळी ताकद लावली. निखारे उडून बाहेर आले. तुकडा जळाला. मग सेतुमाधवराव आपलं रेशमी उपरणं सावरत बसले. ते इतकं हळू ओढत होते की मी म्हणालो, "अहो, विठ्ठलाला वारा घालताय काय?" तेव्हा त्यांनी जोर केला आणि ठिणगीने उपरण्याला भोक पडलं. तुकडा जळालाच. गल्लीतले लोक आपापलं काम सोडून जमले होते. सगळे हसत होते, आमचेही हसत होते. मला घाम फुटला होता. अकरा वाजून गेले होते.

मी सांडशी खाली ठेवली. म्हणालो, "माझ्याच्याने होत नाही. चला."

आसारी इतका वेळ पान खात बघत होता. त्याने पान थुंकलं, सगळ्यांना हाताने बाजूला सारलं आणि स्वतः भात्यावर जाऊन बसला. त्याचे दोन मुलगे हातोड्या थांबवून बघायला लागले. बाप भात्यावर बसलेला त्यांनी कधी पाहिला नसावा. आमच्याकडेसुद्धा एवढा मोठा कारागीर दुसऱ्याचा भाता ओढत नाही.

त्याने मला मानेने खूण केली. तुकडा नाही, भोंगाच घे.

मी फाटलेली कड ठोकून जुळवली, तारेने बांधली. डाग नीट पसरावा म्हणून टाकणखार लावला, डागाची पूड पेरली, भोंगा निखाऱ्यावर धरला. तो ओढायला लागला. एकही शब्द नाही. तो निखाऱ्याकडे बघत होता, मी शिवणीकडे. पितळ काळं पडलं, मग लाल. टाकणखार फुगला, बसला, काचेसारखा झाला. आणि डाग पाण्यासारखा शिवणीतून धावला. मी बाहेर ओढायला आणि त्याने दोरी सोडायला एकच वेळ आली.

गंगूबाईने "आगं बया" म्हणून कपाळाला हात लावला.

आसारी घाम पुसत सेतुमाधवरावांना काहीतरी सांगू लागला. सेतुमाधवरावांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो म्हणतो, तुम्ही भाता ओढणारास कांहींच सांगत नाहीं. हळू नाहीं, पुरे नाहीं, कांहीं नाहीं. त्याने न सांगतां जाणावें, अशी वाट पाहतां. तुमच्या भात्यावर कोणी फार जाणतें माणूस होतें. तें कोठे आहे?"

मी म्हणालो, "माझी बायको होती. वारली."

सव्वा वर्षात मी हे कोणाला आपण होऊन सांगितलं नव्हतं. कराडात सांगायची गरजच नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं. सेतुमाधवरावांनी ते तमिळमध्ये सांगितलं. ती दोन वाक्यंच होती तिकडेही.

आसारीने मान हलवली. उठला नाही, जवळ आला नाही. त्याने पुन्हा दोरीला हात घातला आणि भोंग्याकडे बोट केलं. दुसरी बाजू राहिली होती.

या वेळी मी तोंड उघडलं. मग म्हणालो, "हळू." त्याला मराठी कुठली येते, पण तो हळू झाला. "अजून. जरा अजून." तो वाढला. चाळीस वर्षं जे कधी बोललो नव्हतो ते मी कुंभकोणात एका तमिळ माणसाशी मराठीतून बोलत होतो आणि तो सगळं बरोबर करत होता. डाग धावला तेव्हा मला "पुरे" आठवेना. मी ओरडलो, "पोदुम!"

आसारी दोरी सोडून इतका हसला की त्याला ठसका लागला. मग गल्ली हसली. मग मास्तर, मग गंगूबाई. मीही.

पालखी

चारला पालखी निघाली. पुढे हत्तीण, हो, तीच. तिच्या मागे नागस्वरमवाले, मग पालखी, मग आमचा बँड. हत्तीण आणि भोंगा यांच्यात शंभर पावलं अंतर ठेवायचं असं ठरलं होतं. तिने तीनदा मागे वळून बघितलं. भोंगा अजूनही गुळाचा वास मारत होता आणि दिनकरच्या मागे मधमाशांचं एक छोटं मोहोळ चाललं होतं.

मी दिनकरच्या बरोबरीने चाललो होतो, हात गळ्याच्या शिवणीजवळ. पहिल्या चौकात नागस्वरम थांबलं, आमची पाळी आली. मास्तरांनी काठी उचलली. भजनाची चाल होती, आपल्याकडे लहान पोराला येते ती. क्लॅरिओनेट लागलं, ढोल लागला. मग दिनकरने गाल फुगवले.

भोंगा असा उठला की गच्चीवरची कबुतरं उडाली. माझ्या बोटांखाली शिवण थरथरत होती. उन्हाने तापली, पण हलली नाही. सेतुमाधवराव पालखीच्या दांड्याला धरून चालले होते, त्यांनी दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर दिला आणि भोक पडलेलं उपरणं डोक्यावर फिरवत नाचायला लागले. त्यांच्याकडच्या बायकांना ती चाल पाठ होती. तीनशे वर्षं पाठ होती. त्या टाळ्या वाजवायला लागल्या. गंगूबाईने त्यांतल्या दोघींचे हात धरून रस्त्यातच फुगडी घातली. त्यांना फुगडी येत नव्हती, दुसऱ्या फेरीला यायला लागली.

मग म्हातारा नागस्वरमवाला मागे वळून आमच्याकडे आला. मला वाटलं, आता हा थांबवतो. तो आमच्या भोंग्यापुढे उभा राहिला, दोन ओळी ऐकल्या, डोळे मिटले आणि आमचीच चाल वाजवायला लागला. पण अशी वळणं घेत, अशी गिरवत, की मास्तरांची काठी हवेतच राहिली. दिनकर खालून एकच सूर धरून होता, घट्ट, आणि वर तो म्हातारा कुठे कुठे फिरून येत होता. चार चौक असेच गेले. शेवटच्या चौकात आसारी आपल्या मुलांसह उभा होता. तो गर्दीतून आत आला, चालता चालता शिवणीवर नख फिरवलं, मागे, पुढे, आणि मला मान डोलावून निघून गेला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. निघताना सेतुमाधवरावांनी त्यांच्याकडचा गूळ गंगूबाईला दिला. तो काळा नव्हता आणि खारटही नव्हता. तो कशात घालून आणला ते मी बघितलं. पिशवीतून आणला.

भोंगा हायस्कुलात आहे, ज्याला डाग बघायचा असेल त्याने जाऊन बघावा. आता शेवटचं सांगायचं ते कराडच्या लोकांना. तुम्ही सव्वा वर्ष पक्क्या डागाची भांडी साताऱ्याला नेता हे मला ठाऊक आहे, आणि मला वाईट वाटू नये म्हणून माझ्या दारावरून न जाता मागच्या बोळातून नेता हेही ठाऊक आहे. आता तसं करायचं कारण नाही. आल्या दिवशीच मी भट्टी पेटवली. पहिला तांब्या जळाला, तो माझाच होता. दुसरा नीट झाला.

भात्यावर बसायला ठरलेलं माणूस नाही. भांडं घेऊन येईल त्याने बसावं, मी सांगेन तसं ओढावं. मी तोंडाने सांगतो आता. सवय नाही म्हणून कधी कधी चुकून "पारू, हळू" असं म्हणून जातो. तेव्हा इकडेतिकडे बघू नये. हळू ओढावं.